'पुट अप'चे अर्थ पाठ करावेत की समजून घ्यावेत?

भंवरकुआंची मास्तरीण (इंदूर)

नमस्कार मंडळी. मी भंवरकुआं भागात स्पर्धा परीक्षांच्या वर्गात इंग्रजी शिकवते. शिवाय शनिवारी संध्याकाळी आपल्या मराठी मंडळींसाठी, त्यातही बढतीच्या परीक्षेला बसणाऱ्या नोकरदारांसाठी, एक छोटा वर्ग घेते. त्या वर्गाकरिता फ्रेझल व्हर्बवर, म्हणजे 'अप', 'ऑफ' असा छोटा शब्द जोडून अर्थ पालटणाऱ्या क्रियापदांवर, टाचण तयार करताना 'पुट अप'पाशी गाडे अडले आहे.

बाजारातली मार्गदर्शके या जोडीचे अर्थ एकाखाली एक मांडून मोकळी होतात. तंबू ठोकणे, छत्री उघडणे, हात वर करणे, भाव वाढवणे, भिंतीवर सूचना लावणे, पाहुण्याची राहण्याची सोय करणे, निवडणुकीत उमेदवार देणे, पदरचे पैसे घालणे, घर विक्रीला काढणे, प्रतिकार करणे. पुढे 'विथ' आले की सहन करणे आणि 'टू' आले की एखाद्याला भरीस घालणे. त्यात आपल्या कचेऱ्यांतले 'फाईल पुट अप करणे' आहेच. ते विलायती अभ्यासपुस्तकांत मला कधी आढळले नाही. पण माझ्या वर्गातल्या प्रत्येकाला तेवढे एकच 'पुट अप' पक्के ठाऊक असते.

माझे मत असे, की अशी यादी पाठ करून परीक्षेपुरते गुण मिळतात आणि महिनाभरात सारे पुसले जाते. या अर्थांच्या मुळाशी दोनतीनच कल्पना असाव्यात आणि त्या मराठी क्रियापदांच्या आधाराने शिकवता याव्यात, असे मला वाटते. तुमचा अनुभव काय सांगतो?

तिखट शेव

पाहुणा निरोप घेताना 'थँक यू फॉर पुटिंग मी अप' म्हणाला, तर राहू दिल्याबद्दल तो आभार मानतो आहे असे समजावे. 'थँक यू फॉर पुटिंग अप विथ मी' म्हणाला, तर त्याला स्वतःच्या स्वभावाची पूर्ण कल्पना आहे असे समजावे. एका 'विथ'चा एवढा फरक पडतो, हे टाचणात अगदी वर लिहावे.

निवृत्त टिपणीकार (इंदूर)

मास्तरीणबाई, तुमच्या यादीतल्या शेवटच्या अर्थाबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो, कारण माझी सारी नोकरी त्याच एका अर्थावर झाली.

मध्य प्रदेशात सरकारी कामकाजाच्या भाषेत फाईलला नस्ती म्हणतात. नस्तीत डाव्या अंगाला टिपणी आणि उजव्या अंगाला पत्रव्यवहार, असे दोन भाग लेसने ओवलेले असतात. डाकेत एखादे पत्र आले, की साहेब त्याच्या कोपऱ्यात 'पुट अप' एवढेच लिहून खाली आद्याक्षरे करत. त्या दोन शब्दांत किती काम दडलेले असे, हे बाहेरच्या माणसाला समजणार नाही. आधी जुनी नस्ती कपाटातून शोधून काढायची, पत्र तिला जोडायचे, पानांना क्रमांक द्यायचे, संबंधित नियम आणि मागचे आदेश ज्या पानांवर असतील तिथे चिठ्ठ्या लावायच्या, टिपणीत प्रकरणाची हकीकत थोडक्यात लिहायची, नियमाप्रमाणे काय करता येईल ते सुचवायचे आणि शेवटी 'आदेशार्थ प्रस्तुत' असे लिहून सही करून नस्ती वर पाठवायची. या साऱ्याचे मिळून 'पुट अप' होते.

म्हणून त्याचे भाषांतर 'सादर करणे' असे करावे. 'सबमिट' एवढ्यावर भागवू नये. सबमिट कोणीही करतो, खिडकीशी उभा असलेला अर्जदारसुद्धा करतो. पुट अप हाताखालचा माणूसच करतो, वरच्यासाठी करतो आणि तयारीनिशी करतो. तीच नस्ती साहेबाच्या टेबलावरून कारकुनाकडे आली, तर ती 'मार्क' होते. तिला कोणी 'पुट अप' म्हणत नाही. आमच्या आजोबांची पिढी यालाच 'कागद पेश करणे' म्हणे, आणि न्यायालयातल्या तारखेला इंदुरात अजूनही 'पेशी'च म्हणतात. पेश म्हणजे पुढे. फारसीने कागद पुढे ठेवला, इंग्रजीने तो वर चढवला, काम एकच.

एक गंमत सांगतो. जुन्या नस्तीसह प्रकरण हवे असेल, तर साहेब 'पुट अप विथ प्रीव्हियस पेपर्स' असा शेरा लिहीत. आमच्याकडे नव्याने लागलेला एक लिपिक इंग्रजीत एम.ए. होता. तो शेरा वाचून माझ्याकडे आला आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "काका, साहेबांनी जुनी कागदपत्रे सहन करा असे का लिहिले आहे?" मी म्हटले, "लिहिले नसते तरी आपल्याला तेच करायचे आहे."

बडोद्याची सूनबाई

काकांचे उत्तर वाचून आमच्याकडे सगळ्यांना हसू आवरेना.

माझा मुद्दा राहण्याच्या अर्थाबद्दल आहे. आपल्याकडे 'व्हेअर आर यू पुटिंग अप?' असे सर्रास विचारतात आणि समोरचा 'आय ॲम पुटिंग अप ॲट अलकापुरी' असे ऐटीत सांगतो, मग तो तिथे जन्मापासून का राहत असेना. इंग्लंडमध्ये हा प्रयोग तात्पुरत्या मुक्कामापुरता असतो. नातेवाइकाकडे, खाणावळीत, हॉटेलात रात्र काढण्यापुरता. स्वतःच्या घरात कोणी 'पुट अप' करत नाही. मराठीत नेमके हेच बंधन 'उतरणे' या क्रियापदाला आहे. "बडोद्याला आलात की कुठे उतरता?" हा प्रश्न परगावच्या माणसालाच विचारता येतो. गुजरातीतही मुक्कामाच्या जागेला 'उतारो' म्हणतात. तेव्हा वर्गात एवढेच सांगावे, की जिथे मराठीत 'उतरलो' म्हणता येत नाही तिथे इंग्रजीत 'पुटिंग अप' म्हणू नये. इंग्रज वर चढतो आणि आपण खाली उतरतो, तरी दोघांचीही रात्रीची सोय होते.

लष्करवासी (ग्वाल्हेर)

सूनबाईंच्या उतरण्याला माझी पुस्ती. आमचा ग्वाल्हेरचा लष्कर भाग वसला तोच मुळी दौलतराव शिंद्यांची छावणी पडली म्हणून. छावणी पडते, डेरा पडतो, मुक्काम टाकतात, तळ ठोकतात. मुक्कामाची सगळी मराठी क्रियापदे जमिनीकडेच बघतात.

मूळ प्रश्नावर मात्र माझे मत वेगळे आहे. मुळाशी काय कल्पना आहे, हे शोधणे आपल्यासारख्या रिकाम्या वेळच्या अभ्यासकांना शोभते. परीक्षेला बसणाऱ्या, दिवसभर कचेरीत राबून संध्याकाळी वर्गाला येणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग नाही. मी स्वतः ग्राहकांशी बोलत इंग्रजी शिकलो. एकेक वाक्य प्रसंगासकट कानावर पडले आणि तसेच तोंडात बसले. 'पुट अप'चा अर्थ मला आजही सुटा सांगता येणार नाही, पण वापरताना अडत नाही. लहान मूल मराठीतले 'लागणे' कसे शिकते? भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो, नंबर लागतो, दिवे लागतात, आणि दूरची मावशी नात्याने आत्याही लागते. त्याला कोणी मूळ कल्पना समजावून सांगत नाही.

शब्दवेल्हाळ (जन्माने इंदूरकर, सध्या पुणे)

लष्करवासी, मूल ते शिकते कारण त्याला दिवसभर मराठीच ऐकू येते. आठवड्यातून एका संध्याकाळी इंग्रजी ऐकणाऱ्याला ती चैन परवडत नाही, म्हणून त्याला थोडा आडमार्ग दाखवावा लागतो. ही अडचण नवी नाही. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवले आहे, की क्रियापदाला असा एखादा छोटा शब्द जोडून अर्थ पालटण्याची इंग्रजीची खोड परकीयांना सर्वांत जड जाते. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र बरेच उशिरा रूढ झाले. लोगन पिअरसाल स्मिथ यांनी १९२५ साली ते वापरले आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी आपल्याला ते सुचवल्याचे सांगितले.

आता 'पुट अप'कडे वळू. आपण 'अप' म्हणजे 'वर' एवढेच धरून चालतो आणि तिथेच फसगत होते. 'अप'चा दुसरा जुना अर्थ आहे 'नीट आत, जागच्या जागी, आवरून'. लॉक अप, रॅप अप, टायडी अप यांत तोच अर्थ आहे. वर काहीच जात नाही. १६११च्या इंग्रजी बायबलात येशू पीटरला तलवार 'पुट अप' करायला सांगतो, ती उगारण्यासाठी नव्हे, म्यान करण्यासाठी. आजच्या विद्यार्थ्याला ते वाक्य दिले, तर तो नेमका उलटा अर्थ लावील. अमेरिकेत उन्हाळ्यातली फळे, भाज्या, लोणची बरण्यांत भरून ठेवण्यालाही 'पुट अप' म्हणतात, तेही याच घरातले. घोडा तबेल्यात बांधण्यालाही हाच शब्द होता. घोड्याची आणि त्याच्या धन्याची सोय एकाच खाणावळीत होई, त्यामुळे पाहुण्याला 'पुट अप' करणे हेसुद्धा मी याच ओळीत बसवीन.

सर्वांत उपयोगी दुवा 'सहन करणे' या अर्थाचा आहे. शेक्सपिअरच्या काळात अपमान 'पुट अप' करत असत, पुढे 'विथ' न लावता. 'ऑथेल्लो'त रॉड्रिगो म्हणतो, की मूर्खपणाने आजवर जे सोसले ते आता मुकाट्याने 'पुट अप' करायला मी तयार नाही. म्हणजे अपमान घेतला आणि खिशात टाकला, तलवार म्यानात टाकावी तसा. 'विथ' नंतर चिकटले आणि जुनी कल्पना दिसेनाशी झाली.

तिखट शेव

मराठीत यालाच 'पोटात घालणे' म्हणतात. खिशापेक्षा जागा जास्त.

शब्दवेल्हाळ (पुणे)

शेव, विनोद म्हणून लिहिलेत खरे, पण दुवा अगदी बरोबर आहे. अपराध पोटात घालणे, अपमान गिळणे, राग आवरणे: आत टाकून ठेवण्याची कल्पना दोन्ही भाषांत एकच आहे. फक्त 'पोटात घालणे' यात क्षमा येते आणि 'पुट अप विथ' यात क्षमेचा लवलेश नसतो, कुरकुर असते.

रामबागकर (इंदूर)

इतिहास रंजक आहे, यात शंका नाही. परंतु येशूची तलवार बढतीच्या परीक्षेत येत नाही. मी बँकेत असताना सहकाऱ्यांना इंग्रजी पत्रव्यवहार शिकवत असे, तेव्हा एक साधी कसोटी वापरी. 'पुट अप' केलेली गोष्ट पुन्हा पूर्ववत करायची झाली तर काय कराल, एवढेच विचारायचे.

तंबू, छत्री, हात, भिंतीवरची सूचना, वाढवलेला भाव: हे सगळे खाली आणता येते, आणि इंग्रजीतही तिथे 'डाउन' येते. या अर्थी मराठीत उभारणे, वर करणे, लावणे, वाढवणे ही क्रियापदे चालतात. उमेदवार, प्रस्ताव, विक्रीला काढलेले घर, एखाद्या धंद्यात घालायला काढलेले पैसे: हे खाली येत नाहीत, मागे घेतले जातात. म्हणजे ते चारचौघांपुढे ठेवलेले असतात. आपल्या टिपणीकार काकांची नस्ती यातच बसते. उरले पाहुणा आणि सहन करणे. त्यांना ना खाली आणता येते, ना मागे घेता येते. पाहुणा आपला आपण जातो, आणि सहन केलेले केलेच. शब्दवेल्हाळ ज्याला 'आत आवरून ठेवणे' म्हणतात, ते हेच असावे. त्यासाठी मला शेक्सपिअर लागला नाही इतकेच.

एक सावधगिरी सांगतो. 'पैसा उभारणे' याला 'पुट अप' म्हणू नये. दहा जणांकडून गोळा केला तर 'रेझ', स्वतःच्या पदरचा काढून दिला तर 'पुट अप'. कर्जाच्या प्रस्तावात हा घोळ झाला, तर बँक वेगळाच अर्थ काढते.

होळकर पॅव्हेलियन

रामबागकर, तुमच्या कसोटीत 'पुट अप अ फाइट' कुठे बसते? लढत खालीही आणता येत नाही आणि मागेही घेता येत नाही.

या प्रयोगाची एक खोच आहे आणि ती इंदूरकरांना चांगली समजावी. १९४४-४५च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाला मुंबईविरुद्ध शेवटच्या डावात ८६७ धावा हव्या होत्या. कर्णधार सी. के. नायडू. युद्धामुळे हिंदुस्थानात असलेला इंग्लंडचा फलंदाज डेनिस कॉम्प्टन आपल्याकडून खेळत होता. त्याने नाबाद २४९ केल्या, पहिल्या डावात शतक ठोकलेल्या मुश्ताक अलींनी दुसऱ्या डावातही १३९ केल्या, संघ ४९२पर्यंत पोहोचला आणि ३७४ धावांनी हरला. याला म्हणतात 'होळकर पुट अप अ फाइट'. पुढच्याच मोसमात, १९४५-४६ साली, होळकरांनी करंडक जिंकला आणि त्यानंतर आणखी तीनदा जिंकला. त्या विजयांबद्दल कोणी असे म्हणणार नाही. हा प्रयोग बहुधा हरणाऱ्याच्या वाट्याला येतो, किंवा ज्याच्याकडून फारशी अपेक्षा नव्हती त्याच्या. जिंकणाऱ्याने तो स्वतःबद्दल वापरला, तर ऐकणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटते. टाचणात अर्थापुढे 'प्रतिकार करणे' एवढेच लिहिले, तर ही छटा हरवते. 'शर्थ केली' हे मला जास्त जवळचे वाटते.

क्रिकेटच्या वार्तांकनात 'पुट अप अ टोटल' असेही येते, म्हणजे धावसंख्या उभारणे. तिथे तुमचे 'उभारणे' चपखल बसते.

रामबागकर (इंदूर)

धावसंख्येचे 'उभारणे' उचलून मी लढतीलाही लावतो. मराठीत लढाही उभारतातच की. तरी तुमची हरकत रास्त आहे. 'फाइट', 'रेझिस्टन्स' आणि 'स्ट्रगल' हे तीन शब्द वेगळे पाठ करावेत, असे मी सहकाऱ्यांना सांगत असे. कसोटी शंभर टक्के चालली पाहिजे असा माझा आग्रह नाही. यादीतले तीनचार अर्थ पाठांतराला उरले तरी ओझे पुष्कळ हलके होते.

अव्ययी (ग्वाल्हेर)

मी शाळेत संस्कृत शिकवत असे. आपल्या मुलांना हे प्रकरण परके वाटू नये म्हणून एक जुना श्लोक सांगावा: 'उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते। प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्॥' उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे ओढून नेतो. धातू एकच, 'हृ', म्हणजे नेणे. पण प्रहार केला तर मार, आहार केला तर जेवण, विहार केला तर भटकंती आणि संहार केला तर सर्वनाश. ज्याला हे पाचही शब्द रोजच्या मराठीत ठाऊक आहेत, त्याला 'पुट अप', 'पुट ऑफ', 'पुट आउट' पाहून घाबरण्याचे कारण नाही.

मराठीने पुढे हेच काम दुसऱ्या क्रियापदांकडून करून घेतले. "हे काय करून ठेवलेस!" आणि "हे काय करून बसलास!" यांतला फरक परभाषकाला समजावून पाहावा, म्हणजे इंग्रज शिक्षकाची अडचण कळेल. पहिल्यात समोर पसारा दिसतो, दुसऱ्यात करणाऱ्याची फजिती. तसेच बाळाचे नाव ठेवतात आणि शेजाऱ्याला नावे ठेवतात. एका अनेकवचनाने बारशाची निंदा झाली.

रामबागकर (इंदूर)

बाई, श्लोक सुरेख आहे, पण एक भेद मुलांना सांगितलाच पाहिजे. उपसर्ग धातूच्या आधी येतो आणि जागचा हलत नाही. इंग्रजीचा 'अप' भटकतो. 'पुट अप अ गेस्ट' चालते, 'पुट अ गेस्ट अप'ही चालते. पण पाहुण्याऐवजी सर्वनाम आले की त्याला मध्येच बसवावे लागते: 'पुट हिम अप'. आपली माणसे हमखास 'पुट अप हिम' म्हणतात. उलट सहन करण्याच्या अर्थी तिन्ही शब्द एकमेकांना सोडत नाहीत: 'पुट अप विथ हिम'. तिथे 'हिम' मध्ये घातला तर वाक्य मोडते. ते मुद्दाम मोडून दाखवणारे 'अप विथ विच आय विल नॉट पुट' हे वाक्य चर्चिल यांच्या नावावर सांगितले जाते. ते त्यांनीच म्हटले याला भक्कम पुरावा नाही, तरी वर्गात फळ्यावर लिहायला उत्तम आहे. आघाताचाही मुद्दा आहे. 'पुट हिम अप' म्हणताना जोर 'अप'वर पडतो, आणि तो आपल्याकडे 'पुट'वर दिला जातो.

भंवरकुआंची मास्तरीण (इंदूर)

इतकी भर पडेल असे वाटले नव्हते, सर्वांचे आभार. आता मला टाचणाचा आराखडा दिसू लागला आहे. रामबागकरांची 'पूर्ववत करा' कसोटी आधी घेईन. मराठी क्रियापदे 'उभारणे', 'पुढे ठेवणे' आणि 'आत आवरून ठेवणे' अशी तीन घेईन. शेक्सपिअरची गोष्ट चहाच्या सुट्टीत सांगेन, लेखी देणार नाही. सहन करण्यासाठी 'खपवून घेणे' घेईन, कारण ते मराठीत बहुधा नकारार्थीच येते: "मी हे खपवून घेणार नाही." इंग्रजीतही 'आय वोन्ट पुट अप विथ इट' हीच रचना कानावर जास्त पडते. वस्तूंच्या बाबतीत 'चालवून घेणे' बरे: नळाला पाणी कमी येते, गल्लीत आवाज असतो, पंखा कुरकुरतो, आपण चालवून घेतो. मोठ्या दुःखाला मात्र यांपैकी काहीच लावू नये, असे बजावीन. मुलगा गेलेल्या आईबद्दल 'शी पुट अप विथ इट' म्हणणे क्रूरपणाचे होईल.

दोन गोष्टी अजून सुटत नाहीत. 'पुट-अप जॉब' आणि 'पुट समवन अप टू समथिंग' यांना कोणत्या कप्प्यात टाकू?

शब्दवेल्हाळ (पुणे)

दोन्ही एकमेकांशेजारी ठेवा. 'पुट-अप जॉब' म्हणजे आपला 'बनाव'. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये ज्या घरफोडीत घरचाच नोकर सामील असे, तिला चोर आणि पोलीस 'पुट-अप' म्हणत. डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये चौकशीला आलेला पोलीस हा अर्थ घरच्या बायकांना फोड करून सांगतो. 'पुट अप टू' म्हणजे फूस लावणे, भरीस घालणे. दोन्हींत करणारा एक आणि करवणारा पडद्यामागे दुसराच असतो. रामबागकरांची कसोटी इथे चालत नाही, हे मान्य करून पुढे जावे.

तिखट शेव

आमच्या गल्लीत हा अर्थ दर रविवारी दिसतो. शेजारचा मुलगा वर्गणी मागायला येतो, आणि त्याला 'पुट अप' करणारे काका कोपऱ्यावर पोह्यांच्या गाडीशी दुसरीकडे बघत उभे असतात.

लष्करवासी (ग्वाल्हेर)

माझे मत पूर्ण बदललेले नाही. कसोटी चांगली आहे, पण बोलताना कोणी कसोटी लावत बसत नाही. माझी सूचना अशी, की टाचणाच्या शेवटी अर्थ न देता प्रसंग द्यावेत. "पाऊस सुरू झाला, छत्री हातात आहे, मित्राला काय सांगाल?" "साहेबाने नस्ती मागितली, तुम्ही कारकुनाला काय सांगाल?" "भाच्याला परीक्षेसाठी इंदूरला यायचे आहे, तुमच्याकडे जागा आहे, फोनवर काय म्हणाल?" प्रत्येकाने तोंडी उत्तर द्यावे, लिहू नये. लिहायला बसले की माणूस 'टॉलरेट', 'ॲकॉमोडेट', 'इरेक्ट' असे जड शब्द शोधतो. ते अर्जात शोभतात. पण भाच्याला 'आय विल ॲकॉमोडेट यू' म्हटले, तर तो धर्मशाळा शोधायला लागेल.

निवृत्त टिपणीकार (इंदूर)

लष्करवासींच्या दुसऱ्या प्रसंगाबद्दल एक शंका. माझ्या खात्यातली मंडळी इंग्रजी निबंधात आणि मुलाखतीतही 'आय पुट अप द फाईल' असेच म्हणतात. हे चुकीचे धरून गुण कापतात काय?

बडोद्याची सूनबाई

काकांच्या प्रश्नाला माझाही जोडते: मुलाखतीत "कुठे राहता?" याचे उत्तर 'आय ॲम पुटिंग अप ॲट…' असे दिले तर काय होईल?

भंवरकुआंची मास्तरीण (इंदूर)

काका, मुलाखत घेणारे स्वतःच आयुष्यभर फाईल पुट अप करून आणि करवून घेऊन वर पोहोचलेले असतात, त्यामुळे तिथे चिंता नाही. भारतीय कार्यालयीन इंग्रजीत तो प्रयोग इतका मुरलेला आहे, की त्याला चूक म्हणणे मला पटत नाही. परदेशी कार्यालयाला पत्र लिहायचे असेल तेव्हा 'सबमिट फॉर अप्रूव्हल' लिहावे, एवढी सूचना टाचणात टाकते. सूनबाई, राहण्याच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. स्वतःच्या घरासाठी 'लिव्ह' आणि परीक्षेपुरते मावशीकडे उतरला असाल तर 'स्टे' म्हणावे. मावशीबद्दल कौतुकाने सांगायचे असेल, तर 'माय आंट इज पुटिंग मी अप' हे अगदी शुद्ध आहे.